एका दिवसात टॉलेमी आणि जॉन, तेही फुकटात

लंडनला लेकीकडे गेलात तर एक दिवस टूरवाल्याला अजिबात देऊ नका. सकाळी ब्रिटिश म्युझियम गाठा. रोझेटा शिळेवर एकच फर्मान तीन लिप्यांत आहे, इ.स.पू. १९६ चं. इजिप्तचा राजा पाचवा टॉलेमी तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा पोर! त्याने देवळांना करात सूट दिली, म्हणून पुजाऱ्यांनी त्याचा उदोउदो केलाय. चोख व्यवहार.

तिथून चालत ब्रिटिश लायब्ररी. १२१५ ची मॅग्ना कार्टा ही सनद म्हणजे सरदारांनी इंग्लंडच्या जॉन राजाचं नाक दाबून वदवून घेतलेली कबुली, की राजाही कायद्याला बांधील आहे. त्यावर राजाची सही नव्हती, मोहोर होती. अडीच महिन्यांत पोपने ती रद्दही केली! अक्षर मुंगीएवढं, तेही लॅटिन. शेजारची माहिती सावकाश वाचा. दोन्हीकडे कायमची दालनं फुकट. पाच तारे.