फेब्रुवारीत घेतलेली चार झाडं

अल्बुकर्कीला घर घेतलं त्या पहिल्याच जूनमध्ये मागची पश्चिमेची भिंत संध्याकाळी सात वाजताही हात लावू देत नव्हती. अंगणात नुसती खडी आणि ऊन. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५,३०० फुटांवर आहे, हवा कोरडी ठणठणीत, आणि वर्षाचा पाऊस जेमतेम नऊ इंच. आमचं गाव फलटणकडचं, दुष्काळी पट्ट्यातलं, पण तिथेही याहून जास्त पडतो. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. तिला बाहेर खेळू द्यायचं तर सावली हवी होती, आणि आम्हाला ती लवकर हवी होती. पुढे झाडं विकायला आलेल्या माणसाने आमची हीच घाई हेरली. इथे नव्याने येणारी आपली मंडळी घर घेतल्या घेतल्या झाडांच्या मागे लागतात, म्हणून झालं ते सगळं सांगते.

पुढच्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी एक जण दारावर आला. पिकअप गाडी, हातात रंगीत पत्रक, पत्रकावर परवान्याचा नंबर छापलेला. बोलायला अतिशय गोड. त्याने आधी बिनफळांची तुती सुचवली. ती आम्हाला नको होती. (परागकणांच्या त्रासामुळे या शहरात तुतीची नर, म्हणजे बिनफळांची झाडं विकायला कायद्याने बंदी आहे, हे मला फार नंतर समजलं. समजलं असतं तर तिथेच दार लावून घेतलं असतं.) मग त्याने मेपलचं चित्र काढलं, शरद ऋतूतलं, लालभडक. म्हणाला, हा इथल्या डोंगरातलाच मेपल आहे, वाळवंटाला सरावलेला, तीन वर्षांत तुमची भिंत सावलीत जाईल. एका झाडाचे लावणीसकट ८५० डॉलर, चार झाडांचे ३,४००. अर्धे आत्ता रोख, अर्धे लावून झाल्यावर. एक वर्षाची हमी. पावतीवर त्याने लिहिलं, ‘चार मेपल, लावणीसह’. बस, एवढंच.

पुढच्या गुरुवारी दोन मजूर आले आणि तीन तासांत चारही झाडं लावून गेले. नुसत्या काठ्या होत्या, पान एकही नाही. थंडीत पानगळ झालेली असते, त्यामुळे त्यात वावगं काहीच वाटलं नाही. प्रत्येक झाडाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी होती, तिच्यावर नाव: बिगटूथ मेपल.

या नावाचा मेपल खरोखरच असतो. न्यू मेक्सिकोच्या डोंगरदऱ्यांत आपोआप उगवतो. पण तो अगदी सावकाश वाढतो आणि फार मोठाही होत नाही. चिठ्ठीवरचं नाव आणि तीन वर्षांत सावलीचा वायदा, या दोन गोष्टी एका झाडाच्या असूच शकत नव्हत्या. ज्याला झाडं कळतात त्याच्या ते तिथल्या तिथे लक्षात आलं असतं.

एप्रिलमध्ये पानं फुटली. चिठ्ठीवरच्या चित्रातलं पान जाडसर, बोथट टोकांचं होतं. आमच्या झाडांची पानं खोलवर कातरलेली, कडेला बारीक दाते, आणि उलटी केली की खालची बाजू चंदेरी. मी फोन केला. “कोवळी पानं अशीच दिसतात,” असं उत्तर मिळालं. मेअखेर ती पिवळी पडायला लागली. पुन्हा फोन. “पाणी कमी पडतंय, दुप्पट करा.” आम्ही दुप्पट केलं. पानं आणखी पिवळी झाली. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

जूनमध्ये माझे सासरे, आण्णा, तीन महिन्यांसाठी आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन अंगणात गेले, एक पान तोडलं आणि उजेडाकडे धरलं. शिरा हिरव्यागार, मधली जागा पार पिवळी.

“सूनबाई, ह्यो केवडा हाय.”

“केवडा म्हणजे उसावर पडतो तो?”

“तोच की. चुनखडीच्या रानात पडतो. हितं खाली चुनखडी हाय का बघ.”

मग आण्णा स्वतःच खुरपं घेऊन बसले. दोन इंच माती बाजूला केली तर बुंध्याला नायलॉनची दोरी करकचून आवळलेली. त्याखाली बारदान तसंच, त्याखाली तारेची जाळी तशीच. झाड होतं तसं खड्ड्यात ठेवून वर माती ओढली होती. दोरीच्या वरच्या बाजूला साल फुगून गळवासारखी झाली होती. आण्णांनी विळ्याने दोरी कापली आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. शेवटी म्हणाले, “दावणीचं जनावर असतं तर वरडलं तरी असतं.”

मी पानं पिशवीत घालून काउंटीच्या विस्तार कार्यालयात गेले. न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीची ही कृषी विस्तार सेवा आहे आणि तिथले मास्टर गार्डनर (बागकामाचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) घरगुती प्रश्नांना फुकट सल्ला देतात. तिथल्या बाईंनी पान उलटं केलं आणि लगेच सांगितलं: सिल्व्हर मेपल. वाढतो भराभर, पण लाकूड ठिसूळ, वसंतातल्या इथल्या वाऱ्यात फांद्या मोडतात, आणि पाणी भरपूर लागतं. इथली माती विम्लधर्मी, खाली चुनखडीचा दगडासारखा थर, ज्याला इथे कॅलिची म्हणतात. अशा जमिनीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही, आणि पानं पिवळी पडतात; आण्णांचा केवडा तो हाच. शिवाय पाणी साचलं की त्रास वाढतो, म्हणजे “दुप्पट पाणी” हा सल्ला आमच्या झाडांच्या मुळावरच आला. आण्णांनी लोह मिळावं म्हणून हिराकस घालायचं सुचवलं होतं. त्यावर बाई म्हणाल्या की या मातीत तेही लगेच बांधलं जातं. विशिष्ट चिलेटेड लोह मिळतं, पण ते दरवर्षी घालत बसावं लागेल, आणि झाडाची जात बदलणार नाही.

एक झाड आम्ही उपटलं आणि खड्डा पाण्याने भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी जवळजवळ तेवढंच होतं. दीड फुटावर पांढरा थर लागला होता, तो फोडायचे कष्ट मजुरांनी घेतलेच नव्हते. आमची झाडं बादलीत उभी होती.

पैशांचं सांगते. पत्रकावरचा परवाना नंबर राज्याच्या संकेतस्थळावर शोधला, असा नंबरच नव्हता. न्यू मेक्सिकोत रोपं विकायला राज्याच्या कृषी विभागाचा परवाना लागतो, त्या यादीतही हे नाव नाही. मेट्रोपॉलिटन कोर्टात १०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण दावा लावायचा कुणावर? खरं नाव नाही, पत्ता नाही, दिले ते रोख. दारावर येऊन केलेल्या २५ डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेच्या विक्रीत तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत व्यवहार मोडायचा हक्क असतो, आणि तसं तोंडी सांगून रद्द करायचा कागद देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. आम्हाला कागदही दिला नाही आणि सांगितलंही नाही. तो शनिवारी आला, झाडं गुरुवारी. सरळ मोजलं तर तीन दिवस बुधवारी रात्री संपत होते. हा योगायोग होता असं मला वाटत नाही. राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार केली आहे. पैसे मिळालेले नाहीत.

पावतीवर झाडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या, तेही जातीसकट. परवाना विक्रेत्यासमोरच फोनवर तपासा. पैसे चेकने किंवा कार्डाने द्या. लावताना स्वतः उभे राहा: दोरी आणि बारदान काढायला लावा, तार कापायला लावा, आणि बुंधा जिथे पसरट होऊन मुळांत उतरतो ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण गोळ्याहून खोल नको. खणण्याआधी ८११ ला फोन करून गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्यायच्या असतात. आमच्याकडे तोही झाला नव्हता, आणि गॅसची वाहिनी तिसऱ्या खड्ड्यापासून चार फुटांवर निघाली.

आता भिंतीशी एक चायनीज पिस्टाश आहे आणि एक हॅकबेरी. दोघांनाही ही माती चालते. मुलीच्या खिडकीसमोर डेझर्ट विलो लावली आहे. ती खरी विलो नाही, पण उन्हाळाभर जांभळट फुलं येतात आणि गुणगुणपक्षी त्यांच्याभोवती घिरट्या घालतात. सगळी ऑक्टोबरमध्ये घेतली, पानं झाडावर असताना, एकेक पान हातात धरून. खड्ड्यांतला थर पहारीने फोडला आणि आधी पाणी भरून रात्रभर पाहिलं. थंडीतही महिन्यातून एकदा सावकाश, खोल पाणी देतो, कारण इथला हिवाळाही कोरडाच असतो.

गेल्या महिन्यात शेजारच्या रिओ रँचो शहरातल्या एका मैत्रिणीने पत्रकाचा फोटो पाठवला. नाव वेगळं होतं, नंबर वेगळा होता. लाल मेपलचं चित्र तेच.