१८ फुटी कार हॉलर ट्रेलर: डेक सोडा, आधी खाली वाकून बघा

ह्यूस्टनच्या आसपास राहणाऱ्या आणि ट्रॅक डेचं (आपली गाडी रेसट्रॅकवर पळवायचा दिवस) खूळ डोक्यात असलेल्या मंडळींसाठी लिहितोय. माझ्याकडे जुनी एनबी मियाटा (माझदाची छोटी दोन सीटची गाडी) आहे, रोलबार टाकलेली, एसी काढलेला, टायर असे की पाऊस आला की धडकी भरते, म्हणजे टेक्ससच्या जुलैत ती चालवत अँगलटनच्या ट्रॅकवर जायचं ही शिक्षाच, आणि तिथे काही मोडलं तर घरी कशी आणायची हा वेगळाच घोळ. म्हणून कार हॉलर, म्हणजे अख्खी कार वर चढवून न्यायचा ट्रेलर. ओढायला फोररनर (टोयोटाची एसयूव्ही), तिची ओढायची मर्यादा ५००० पाउंड. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

आधी यू-हॉल कंपनीचा ऑटो ट्रान्सपोर्ट, म्हणजे कार न्यायचा ट्रेलर, भाड्याने घ्यायचो. चांगला आहे हो, उगाच नावं ठेवणार नाही. ब्रेक सर्ज टाइपचे, म्हणजे आपण गाडी हळू केली की ट्रेलर पुढे रेटला जातो आणि त्या दाबानेच हायड्रॉलिक ब्रेक लागतो, आपल्या गाडीत वेगळं काही बसवायला लागत नाही. पण रिकामाच २२१० पाउंड, म्हणजे माझ्या ५००० मधले उरले २७९०, त्यात मियाटा बसते पण बाकी सामान गाडीतच कोंबायचं, कारण ट्रेलरवर सपाट जागा नाही. वर ताशी ५५ मैलांच्या पुढे जाऊ नका हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. वर्षातून दोनतीनदाच लागणार असेल तर भाड्यानेच घ्या, विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. नेहमी लागणार असेल तर पुढे वाचा.

आमच्या ग्रुपमध्ये वेल्डिंग जाणणारा एक गडी आहे, त्याचं म्हणणं आपणच बनवू. कागदावर सोपं वाटतं, पाच इंची चॅनलची चौकट, ३५०० पाउंडाचे दोन ॲक्सल, पाटे, हँगर, कपलर (ओढणाऱ्या गाडीला जोडायचा पुढचा भाग), जॅक, चार चाकं, लाकडी फळ्या, वायरिंग, रंग. पण हे सगळं किरकोळीत घ्यायला गेलं की बेरीज तयार ट्रेलरच्या किमतीजवळ जाऊन बसते, कारण कारखानेवाले लोखंड आणि ॲक्सल ट्रकच्या ट्रक भरून घेतात, आपल्याला तो भाव कुठून मिळणार. शिवाय घरी बनवलेल्या ट्रेलरला नंबर आणि टायटल (मालकीचा कागद) काढायचे सोपस्कार, आणि विकायला काढला की समोरचा विचारणार, वेल्डिंग कोणी केलंय? बाइक किंवा लॉनमोअरसाठी छोटा सिंगल ॲक्सल हौसेने जरूर बनवा, मजा येते. ज्याच्यावर अख्खी कार बांधून हायवेला जायचंय तो तयार घ्या, हे माझं स्पष्ट मत.

टेक्ससात ट्रेलरवाल्यांना तोटा नाही, बिग टेक्स तर इथल्याच माउंट प्लेझंटचा. मी घेतला तो मात्र एका छोट्या कारखान्याचा, डीलरकडून, साडेचार हजार डॉलरच्या आतबाहेर, टॅक्स आणि ती डोक्यात जाणारी डॉक फी (डीलरची कागदपत्रांची फी) वेगळी. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण येणार आहेत.

डीलर काय दाखवतो? डेक (गाडी उभी राहते तो वरचा फळ्यांचा भाग), चकचकीत काळा रंग, एलईडी दिवे. तुम्ही सरळ खाली वाकायचं. चौकट चॅनलची आहे का अँगलची, आडव्या पट्ट्या किती अंतरावर आहेत (माझ्यात १६ इंचावर, स्वस्तवाल्यांत २४ वर पण बघितल्या, तिथे फळी मधे दबते), बांधायच्या कड्या चौकटीला वेल्ड केल्यात का नुसत्या लाकडात बोल्ट मारलेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक दोन्ही ॲक्सलला आहेत का एकालाच. हे मुद्दाम विचारायला लागतं, कारण "ब्रेक आहेत सर" एवढंच उत्तर मिळतं आणि ते खोटं पण नसतं. मी दोन्हीवाला घेतला, थोडे पैसे जास्त गेले, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. याचे ब्रेक इलेक्ट्रिक, त्यांना ओढणाऱ्या गाडीत कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक चालवणारी छोटी पेटी) लागतो, मी टेकोन्शाचा प्रॉडिजी पी३ बसवून घेतला, झकास चालतो, आणि त्याला हाताने दाबायचा लिव्हर आहे तो कशाला हे पुढे येतंच.

आता वजन. ट्रेलर रिकामा २००० च्या जवळपास, मियाटा २४००, जादा टायर, जॅक, पेट्रोलचे कॅन, टूलबॉक्स धरून अडीचशे, झाले ४६५०. हिचवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायची जागा) यातलं १० ते १५ टक्के वजन यायला पाहिजे असा नियम, म्हणजे कमीत कमी ४६५ पाउंड. आणि फोररनरच्या हिचची मर्यादा ५००! म्हणजे मला खेळायला मिळतात जेमतेम ३५ पाउंड. ट्रेलर ७००० चा (स्वतःचं आणि वरचं मिळून एवढे पाउंड झेपणारा) असला तरी माझ्या गाडीमुळे तो ५००० चाच, हे डीलर सांगत नाही, त्याला काय पडलंय. गावाकडे बैलगाडी उलाळ झाली की जू वर उचललं जातं ना, तसंच इथे, ट्रेलरवरची गाडी मागे सरकवून बांधली की हिच हलकं होतं आणि ६० च्या पुढे ट्रेलर डावीउजवीकडे डोलायला लागतो. तसं झालंच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि कंट्रोलरचा लिव्हर हळूच दाबायचा म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ओढणाऱ्या गाडीचा ब्रेक करकचून मारायचा नाही. मी हिचखाली वजनकाटा लावून जागा पक्की केली आणि पुढचं चाक जिथे यायला पाहिजे तिथे डेकवर पिवळ्या रंगाचा पट्टा मारला. मियाटाचं वजन पुढेमागे जवळजवळ सारखं असतं म्हणून बरं, नाकात जड इंजिन असलेल्या गाडीची जागा वेगळी येईल, माझा पट्टा बघून बांधू नका.

चढवणं-उतरवणं झकास. मागचा भाग उतरता आहे त्यामुळे रॅम्पचा कोन कमी होतो, तरी मियाटाचा पुढचा ओठ (बंपरची खालची कड) घासतोच, म्हणून रॅम्पखाली दोन जाड फळ्या सरकवतो. फेंडर (ट्रेलरच्या चाकांवरचे पत्रे) मात्र काढता येणारेच घ्या, कारण बुटक्या गाडीचं दार फेंडरवर आपटतं, उघडत नाही, मग खिडकीतून बाहेर यायचं. वय झालं आता. बांधायला दोन इंची रॅचेट पट्टे, प्रत्येकी ३३३३ पाउंड वर्किंग लोडचे (एवढा भार सुरक्षितपणे झेपणारे), चार कोपऱ्यांना चार, आणि निघाल्यावर दहापंधरा मैलांवर थांबून परत आवळायचे, ते हमखास ढिले पडतात.

तक्रारी. वायरिंग भिकार. चौकटीखाली वायर लोंबकळत होती, आणि अर्थिंग रंगावरच स्क्रू मारून दिलेलं, मग पहिल्या पावसात डावा इंडिकेटर गेला. रंग खरवडून अर्थिंग परत केलं, वायरला पाइप घातला, तेव्हापासून त्रास नाही. दुसरं टायर. ट्रेलरचे टायर बहुतेक झिजून जात नाहीत, वयाने आणि उन्हाने जातात, आणि डीलरच्या आवारात पडून असलेल्या नव्या ट्रेलरचे टायर पण जुने असू शकतात. टायरवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. माझे बघितले तर चांगले जुने निघाले, डीलरशी हुज्जत घातली तेव्हा कुठे एक स्टेपनी फुकट दिली. मूळ टायर लोड रेंज सी (किती वजन झेपतं त्याची श्रेणी), एकेकाची क्षमता ५० पीएसआय हवेला १८२० पाउंड, चार मिळून ७२८०, म्हणजे ७००० च्या ट्रेलरला काठावर पास. मी बदलताना डी टाकले, २१५० चे, ६५ पीएसआय (रिम तेवढं प्रेशर घेते का ते आधी बघा). वर्षातून एकदा बेअरिंगचं ग्रीस बदला आणि नवीन ट्रेलरचे नट पहिल्या पन्नास मैलांत दोनतीनदा टॉर्क रेंचने आवळा, हे न करणारे लोक चाक निखळलं की कंपनीला शिव्या देतात.

ठेवायचा कुठे हे घेण्याआधी ठरवा. आमच्या एचओएला (घरमालकांची सोसायटी) ड्राइव्हवेत ट्रेलर दिसला की लगेच पत्र, त्यामुळे स्टोरेज लॉटचं भाडं दर महिन्याला, ते धरलं तर भाड्याच्या ट्रेलरशी हिशोब पुन्हा मांडायला लागतो. चोरी पण फार, कपलरला कुलूप आणि चाकाला पण कुलूप. बाकी मंडळाच्या गणपतीला ढोल न्यायला हा ट्रेलर इतका सोयीचा पडतो की आता सगळे मलाच फोन करतात, पोरं वर चढून वाजवतो म्हणतात त्यांना मी चढू देत नाही, माणसं बसवायला नाहीये तो.

पाचपैकी चार. वायरिंग नीट असती तर साडेचार दिले असते. फोररनर, हायलँडरवाल्यांनी छोटी हलकी गाडी न्यायची असेल तरच घ्या. मस्टँग किंवा मॉडेल ३ न्यायची असेल तर ट्रेलर हाच चालेल, ओढायला मात्र पिकअप बघा, किंवा दुप्पट पैसे टाकून ॲल्युमिनियमचा घ्या, आणि तोही घ्यायच्या आधी आपल्या गाडीच्या मर्यादेतून दोन्ही वजनं वजा करून बघा काय उरतंय ते.