रेंजच्या पुंगळ्या आणि माझे एक लाख ऐंशी हजार

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मी सदतीस वर्षे प्रेस शॉपमध्ये काढली, त्यांतली निम्मी तरी पितळेच्या पत्र्यातून खोल वाट्या ओढण्यात गेली, आणि तरीही निवृत्तीनंतर पितळेच्याच व्यवहारात मला एक लाख ऐंशी हजार रुपयांना फसवण्यात आले. हे लिहिताना लाज वाटते, परंतु तोच प्रकार अजून पुण्यात सुरू असल्याचे मागच्या महिन्यात कळले, म्हणून तपशिलासह लिहीत आहे.

मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात रविवारी जुनी समई, अडकित्ता असे काही मिळते का ते पाहत फिरण्याची मला सवय आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तेथे पस्तिशीचा, नीटनेटका, बोलण्यात आदबशीर असा एक तरुण भेटला. मी एका समईचे बूड वाजवून पाहत होतो, ते पाहून तो म्हणाला, "काका, तुम्हाला पितळ कळतं." माझी किंमत त्याने या एका वाक्यात ठरवली होती, असे आता वाटते. चहा पिताना त्याने पिशवीतून झळझळीत, धुऊन पुसलेल्या मूठभर पुंगळ्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांची रिकामी पितळी टरफले, काढल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या. काठ सरळ, पत्रा एकसारखा, कुठे सुरकुती नाही. असे ओढकाम पाहिले की माझ्यासारख्याचा विवेक थोडा ढिला पडतो.

त्याने जे सांगितले ते जवळजवळ सगळे खरे होते, आणि या प्रकरणातली खरी मेख तीच आहे. काडतुसाचे चार भाग असतात: पुंगळी, आघाताने पेट घेणारी टोपी, दारू आणि गोळी. नेम मारल्यावर तीन भाग खर्ची पडतात आणि सर्वांत महागडा भाग, म्हणजे पुंगळी, बंदुकीबाहेर पडतो. अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले हजारो लोक रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, पडलेल्या अशा पुंगळ्या गोळा करतात किंवा विकत घेतात आणि घरच्या यंत्रावर त्या पुन्हा भरून वापरतात. तेथे हे कायदेशीर आहे आणि त्याला 'रिलोडिंग' म्हणतात. पुंगळीसाठी सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असे पितळ वापरतात, कारण स्फोटाच्या दाबाने ते फुगून बंदुकीच्या नळीच्या मागच्या घराला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब उतरताच थोडे आकसून सुटते. ७०-३० पितळेचा हा गुण मला कामामुळे ठाऊक होता, त्यामुळे मी मान डोलावत राहिलो. पुढे तो म्हणाला, "पॅरिसला स्वप्नील कुसळेंना ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळाल्यापासून रेंजवर पोरांची रांग लागली आहे, काका. पुंगळ्यांचा नुसता ढीग पडतो. इथे ते भंगार आहे, तिकडे नगावर विकलं जातं." या वाक्यात त्याचे बिंग फोडणारा धागा होता, पण तो मला दिसला नाही.

हिशेब त्याने माझ्याकडूनच करून घेतला. दाखवलेल्या पुंगळ्या ९ मिलिमीटरच्या होत्या. अशी एक पुंगळी साधारण चार ग्रॅम भरते, म्हणजे किलोला अडीचशे नग. परदेशी गिऱ्हाईक नगाला पाच रुपये देते, म्हणजे किलोला साडेबाराशे. मला माल मिळणार आठशे रुपये किलोने. साध्या पितळी भंगाराला त्या वेळी जो भाव होता त्याहून हे बरेच जास्त होते, पण "हे भंगार नाहीच, काका" हे उत्तर त्याने आधीच पेरून ठेवले होते.

मी अगदीच डोळे मिटून पैसे दिले असे नाही. माझा भाचा टेक्सासमध्ये असतो आणि शनिवार-रविवारी रेंजवर जातो. त्याला फोन करून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "हो मामा, इथे सगळे भरतात. मीही भरतो." तेवढ्यावर मी समाधानी झालो. तू त्या विकत कुठून घेतोस, हा पुढचा प्रश्न विचारला असता तर तेव्हाच कळले असते की त्याला गावातल्याच रेंजवर बादलीच्या हिशेबाने हव्या तेवढ्या मिळतात आणि समुद्रापलीकडून मागवण्याचे कोणाला काही कारण नाही. पडताळणी करताना आपण बहुधा आपल्याला हवे ते उत्तर मिळेल एवढेच विचारतो.

दोनशे किलोचे एक लाख साठ हजार दिले. पाच गोण्या आल्या, प्रत्येकी चाळीस किलोच्या, तोंडे शिवलेल्या. त्याच्या सांगण्यावरून मी प्रत्येक गोणीचे तोंड उघडून वरच्या मालाची छायाचित्रे काढली आणि गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून त्यालाच पाठवली. पाठोपाठ त्या गिऱ्हाइकाचे म्हणून एक इंग्रजी पत्र आले, त्यात माल तपासणीचे वीस हजार आगाऊ मागितले होते, तेही भरले. त्यानंतर फोन बंद झाला.

आठ दिवस वाट पाहून मी गॅलरीत प्लास्टिकचा कागद अंथरला आणि पहिली गोणी उपडी केली. वरचा वीतभर थर ९ मिलिमीटरचा, नमुन्यासारखाच. त्याखाली मात्र करंगळीच्या नखापेक्षा थोड्या लांब, पातळ, काळवंडलेल्या पुंगळ्यांचा खच होता. तळाशी बारा बोअरच्या काडतुसांच्या प्लास्टिकच्या नळ्या, माती आणि पितळी रंगाच्याच आणखी काही पुंगळ्या होत्या. त्यांच्यावरून जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक फिरवले, तशा त्या टपाटप चिकटल्या: आत लोखंड, वर पितळी मुलामा. लोहचुंबक पितळेला धरत नाही हे मी कारखान्यात शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगत असे.

शेजारच्या इमारतीत खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. १८६९ पासून चालत आलेल्या त्या कारखान्यात त्यांच्या घरातील तीन पिढ्या होत्या. त्यांना बोलावले. त्यांनी मूठभर पुंगळ्या परातीत घेतल्या, एकेक उलटी केली आणि म्हणाले, "अहो, पुंगळी नेहमी बुडाकडून बघायची. तोंडाकडून सगळ्या सारख्याच दिसतात."

९ मिलिमीटरच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध लहानशी गोल, वेगळी टोपी बसवलेली असते आणि बंदुकीच्या पिनचा ठसा तिच्यावर पडतो. टोपी काढून नवी बसवता येते, म्हणूनच ती पुंगळी पुन्हा भरता येते. लहान पुंगळ्यांच्या बुडाला मध्ये काहीच नव्हते. कडेला नखाने दाबल्यासारखी एक खाच होती. ही .२२ बोअरची 'रिमफायर' काडतुसे. यांत टोपी नसते. पेट घेणारे द्रव्य बुडाच्या पोकळ कडेतच भरलेले असते आणि पिनच्या आघाताने ती कडच चेपते. एकदा चेपली की पुंगळी संपली. भंगाराखेरीज तिची किंमत नाही. एकीचे वजन जेमतेम ०.६५ ग्रॅम, म्हणजे किलोला दीड हजार नग, आणि एकही परत भरण्याच्या उपयोगाचा नाही. ५० मीटर रायफलचे ते ऑलिंपिक पदक याच .२२ रिमफायर काडतुसांनी मिळते. तो तरुण ज्या ढिगाचे वर्णन करीत होता तो खराच असला, तरी त्यातून रिलोडिंगसाठी एक पुंगळीही निघाली नसती. शिवाय बहुतेक मुले जो सराव करतात तो १० मीटर एअर रायफलचा. त्यात ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा हवेच्या दाबाने सुटतो आणि पुंगळी नावाची वस्तूच नसते.

मग वरच्या थरातल्या ९ मिलिमीटरच्या पुंगळ्या कोठून आल्या, असे मी विचारले. गृहस्थ गंभीर झाले. या बोअरचे पिस्तूल आपल्याकडे सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. ते मुख्यतः पोलीस आणि सैन्य दलांकडे असते, आणि तेथे सरावानंतर पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात. तेव्हा हा माल एक तर चोरीचा असणार, नाही तर परदेशी भंगारातून आलेला. दुसरे म्हणजे १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि दारूगोळा बनवणे, विकणे, बाळगणे, परदेशी पाठवणे यांतील प्रत्येक गोष्टीला परवाना लागतो. अमेरिकेतला छंद पुण्याच्या गॅलरीत आणला की त्याचे नाव बदलते, हे मला साठी उलटल्यावर कळले.

तरीही लोभ सुटत नाही. निदान वितळवून पितळेचे पैसे तरी मिळावेत म्हणून तांबट आळीतील एका जुन्या परिचितांकडे एक गोणी रिक्षाने नेली. गोणी घरातून हलवायलाच नको होती, हे नंतर उमगले. त्यांनी दोन ओंजळी लोखंडी घमेल्यात ओतल्या, बोटाने पसरल्या आणि एकाएकी हात मागे घेतला. .२२च्या पुंगळ्यांत दोन न उडालेली काडतुसे होती. कडेला खाच पडलेली, पण गोळी तोंडात तशीच बसलेली. "हे माझ्या भट्टीत गेलं असतं तर?" एवढेच ते म्हणाले आणि मला पाणी दिले. २००४ साली गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात परदेशी भंगारातून आलेले जिवंत तोफगोळे फुटून कामगार दगावले होते, ती बातमी मी त्या काळी कारखान्याच्या फलकावर स्वतः चिकटवली होती.

त्याच संध्याकाळी एका वकिलांचा सल्ला घेऊन मी पोलिसांना कळवले. तक्रार फसवणुकीची, पण पहिला प्रश्न "काका, हे तुमच्याकडे आलं कसं?" असा आला, आणि तो रास्तच होता. पंचनामा झाला, पाचही गोण्या गेल्या. माझ्या बाजूने उभे राहिले ते बँकेचे व्यवहार, ते इंग्रजी पत्र आणि मी आपणहून कळवले ही गोष्ट. रोख दिली असती तर माझ्याजवळ दाखवायला फक्त पुंगळ्या उरल्या असत्या. पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

मागच्या महिन्यात निगडीहून एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. "आपण रेंजच्या पितळेचा व्यवसाय करता ना? आपला अनुभव कसा आहे, हे विचारायचं होतं." त्यांच्याकडे माझ्या नावाची पावती होती आणि माल म्हणून पाच उघड्या गोण्यांची छायाचित्रे होती. मी ती मागवून घेतली. कोणी तुम्हाला ती दाखवली तर गोण्यांच्या मागे निळे गज, त्याला टांगलेला पांढरा पंचा आणि एक कान तुटलेली तुळशीची कुंडी दिसेल. ती आमची गॅलरी आहे.