ऊर्जा संशोधन: पवई, माटुंगा की अणुशक्तीनगर?

ऐरोलीतल्या आमच्या गॅलरीतून कळव्याच्या सबस्टेशनकडे जाणारे टॉवर दिसतात. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातल्या 400 केव्हीच्या लाइन ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई जागच्या जागी थांबली. लोकल दोन स्टेशनांच्या मध्ये, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये. माझी कळव्याची भाची तेव्हा बारावीत होती. ऑनलाइन क्लास तुटला म्हणून तिला आनंदच झाला. आता ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) देऊन बसली आहे आणि विचारते, "मामा, ज्याच्या पाटीवर एनर्जी लिहिलंय तिथेच अर्ज टाकू ना?"

पाटीवर जाऊ नकोस, एवढंच मला सांगायचं होतं. तिच्यासमोर तीन दारं होती: पवईची आयआयटी मुंबई, माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी (आयसीटी) आणि अणुशक्तीनगरचं भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी). त्यात अख्खा रविवार गेला.

आधी बघायचं ते पदवी कोण देणार हे. विद्यापीठांतल्या आंतरशाखीय ऊर्जा संस्था ढोबळ मानाने दोन जातींच्या असतात. एक जात छत्रीची. अमेरिकेतल्या एमआयटीची एनर्जी इनिशिएटिव्ह (2006) किंवा स्टॅनफर्डची प्रीकोर्ट इन्स्टिट्यूट (2009) घ्या. या संस्था पैसा उभा करतात, वेगवेगळ्या विभागांतल्या प्राध्यापकांना एका प्रश्नाभोवती बसवतात, पण प्रवेश आणि पदवी मूळ विभागाचीच. परदेशाची स्वप्नं बघणारी मुलं संस्थेच्या नावाने अर्ज शोधतात आणि सापडत नाही म्हणून गोंधळतात, ते यामुळे. दुसरी जात स्वतःचं बिऱ्हाड मांडणाऱ्यांची, जसा अमेरिकेतल्याच बर्कली विद्यापीठाचा एनर्जी अँड रिसोर्सेस ग्रुप. 1973 पासून तो स्वतःचे विद्यार्थी घेतो. आपल्याकडे पवईचा विभाग या दुसऱ्या जातीचा. माटुंग्याचं केंद्र पहिलीकडे झुकणारं.

हा फरक कागदी वाटतो, पण मी तो भोगलाय. माझ्या एमटेकला (संस्थेचं नाव घेत नाही) दोन गाइड होते, दोन विभागांतले. एकाकडे बॅटरी टेस्टर, दुसऱ्याकडे थर्मल चेंबर, म्हणजे हवं ते तापमान धरून ठेवणारी पेटी. तापलेल्या बॅटरीचं चार्जिंग तपासायचं म्हणजे दोन्ही यंत्रं एका खोलीत हवीत. टेस्टर एका विभागाच्या डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीत, चढलेला, म्हणून स्टोअरकीपर तो जिन्याखालीसुद्धा उतरवू देईना. एक सेमिस्टर पत्रव्यवहारात गेलं. 'आंतरशाखीय' हा शब्द ऐकला की मला अजून ते रजिस्टर आठवतं.

पवईत हा त्रास कमी, कारण घर एकच आहे. आयआयटी मुंबईत ऊर्जेचा आंतरशाखीय अभ्यासक्रम 1980 च्या दशकातला, आणि 2007 मध्ये त्याचा स्वतंत्र एनर्जी सायन्स अँड इंजिनिअरिंग विभाग झाला. वर्गात मेकॅनिकलवाला, इलेक्ट्रिकलवाली आणि केमिकलवाला एकाच बाकावर. सौर घट करणारे, इंजिन तपासणारे आणि देशाच्या विजेच्या मागणीची गणितं मांडणारे एकाच छपराखाली. इथे वाढलेले रंगन बॅनर्जी 2022 मध्ये आयआयटी दिल्लीचे संचालक झाले. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला आरशांनी ऊन गोळा करून वीज करणारा 1 मेगावॉटचा प्रायोगिक प्रकल्प उभा राहिला, त्यातही आयआयटी मुंबई पुढे होती.

शिवाय तिथेच 2010 पासून फोटोव्होल्टाइक (उन्हातून थेट वीज) संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, केंद्र सरकारच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या पैशावर चालणारं. त्यांचं मला सगळ्यात आवडलेलं काम प्रयोगशाळेबाहेरचं आहे. ही मंडळी देशभर फिरून बसवलेली सोलर पॅनेल तपासत होती. उष्ण भागांतली पॅनेल थंड भागांतल्यांपेक्षा लवकर ढासळतात आणि गच्चीवरची जमिनीवरच्यांपेक्षा वाईट निघतात, असं त्यांना दिसलं. घोडबंदर रोडवरच्या ज्या सोसायट्यांनी गच्चीभर पॅनेल लावली आहेत त्यांच्या एजीएममध्ये हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं. असो.

पवईचा दोष असा की सगळ्याची चव मिळते, पण पोट कशाने भरायचं ते स्वतः ठरवावं लागतं. पहिल्या वर्षी गाइड नीट निवडला नाही तर दोन वर्षं थाळी चाखण्यात जातात.

माटुंग्याचं नेमकं उलटं. आयसीटी हे आताचं नाव, जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटी. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था 2008 मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर इथलेच. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने चालणारं इथलं ऊर्जा-जैवविज्ञान केंद्र एकच प्रश्न घट्ट धरून बसलं: शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल. त्यांचं तंत्र 2016 मध्ये उत्तराखंडात काशीपूरला रोज 10 टन काडी घेणाऱ्या प्रात्यक्षिक कारखान्यात उतरलं. इतर पद्धतींना तीन ते पाच दिवस लागतात, ते काम 24 तासांत होतं, असा त्यांचा दावा. प्रयोगशाळेतली बाटली आणि कारखान्याची टाकी यांच्यामधली दरी किती मोठी असते हे ज्याने पाहिलंय त्याला या उडीची किंमत कळेल.

पण भाचीसाठी? तिला रिअॅक्टर, एन्झाइम, पेंढा भिजवून त्याचे घटक सुटे करणं यात रस असेल तरच. केमिकल किंवा बायोटेकवाल्यांना मात्र मी सांगेन, पवईच्या आधी माटुंगा बघा.

अणुशक्तीनगरचं गणित वेगळंच. बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल 1957 पासून चालू आहे. गेटच्या गुणांवर निवड, वर्षभर प्रशिक्षण, मग नोकरी. होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ पदवी देतं. म्हणजे इथे आधी नोकरी ठरते आणि मग संशोधन. ताईला, म्हणजे भाचीच्या आईला, हाच पर्याय पसंत. पण काय केलंस ते घरी सगळं सांगता येईलच असं नाही, आणि विषयही बराचसा वरून येतो. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मी थोडक्यात आटोपली. इंधन घटांसाठी (हायड्रोजनपासून वीज करणारे घट) उत्तम, 2022 मध्ये केपीआयटी कंपनीबरोबर हायड्रोजनवरची बस त्यांनी रस्त्यावर आणली, पण हिला घर सोडायचं नाही.

फरक एका दमात बघायचा तर हायड्रोजन घ्या. माटुंग्याने ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्राबरोबर तांबे-क्लोरिन चक्र बसवलं, म्हणजे उष्णता आणि रसायनं वापरून पाण्यातून हायड्रोजन काढायची पद्धत. त्याला साधारण 550 अंश उष्णता पुरते. बीएआरसीने त्याच कामासाठी आयोडीन-गंधक चक्र धरलं, ज्याला 850 च्या वर लागते, कारण त्यांच्या डोक्यात उच्च तापमानाची अणुभट्टी आहे. इलेक्ट्रिकलवाली आधी विचारणार ते वेगळंच: विजेने पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासेक युनिट वीज लागते, ती कुठल्या वेळची आणि कुठल्या दराची? या प्रश्नाला बसायला खुर्ची पवईत आहे.

आता पैसे आणि पाय. एमटेकला गेटवर महिना 12,400 रुपये. पीएचडीला जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) 2023 पासून महिना 37,000. येणं-जाणं बघा: कळव्याहून कांजूरमार्ग आणि पुढे रिक्षा किंवा बस, माटुंग्याला स्लो लोकल थेट. अणुशक्तीनगरसाठी मानखुर्द, वाशीच्या मुलांना ते एका पुलापलीकडे. पण रात्री आठला प्रयोग मध्यावर असताना 'शेवटची ट्रेन' ही सबब चालत नाही. वसतिगृह मिळत असेल तर घ्या, घर कितीही जवळ असो.

माझं मत तिला सांगितलं: पवई पहिली, बीएआरसी दुसरी, माटुंगा तिच्यासाठी नाही. कारण तिला ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या जाळ्यात, रस आहे. विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणारं राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर आमच्या ऐरोलीतच, ठाणे-बेलापूर रस्त्यावर. त्या ऑक्टोबरच्या सकाळी प्रश्न फक्त तारांचा नव्हता. बाहेरची वीज स्वस्त म्हणून शहरातली निर्मिती किती ठेवायची, आणि संकटात मुंबईला वेगळं तोडून जिवंत ठेवण्याची योजना का टिकली नाही, हेही त्यात होतं. अर्धं अर्थशास्त्र, अर्धं इंजिनिअरिंग.

तिने ऐकून घेतलं आणि वहीत तीन प्रश्न लिहिले, गाइडला मेल करायला: मागचे तुमचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, यंत्र कुणाच्या नावावर आहे, आणि रविवारी लॅब उघडी असते का. दुसरा प्रश्न माझा. ती म्हणाली, "मामा, डेड स्टॉक रजिस्टर असं लिहू का सरळ?" मी म्हटलं, लिही.