किंग्ज क्वेस्ट (२०१५): तीन फेऱ्या खेळून झाल्यावर

आधी एक गैरसमज दूर करतो. नाव किंग्ज क्वेस्ट असलं, तरी या गेममध्ये माऊस घेऊन पडद्यावर टिचक्या मारत बसायचं नाही. गेमचा नायक ग्रॅहम, त्याला थेट चालवावं लागतं, वस्तूजवळ गेलं की एकच बटण दाबायचं, आणि बघणं, उचलणं, बोलणं यांपैकी काय करायचं ते गेम स्वतःच ठरवतो. अधूनमधून ग्रॅहमच्या नजरेतून नेम धरून बाण मारायचे असतात, काही ठिकाणी घसरत-पळत वेळेवर बटण दाबायचं असतं. त्यामुळे गेमपॅड असेल तर तोच घ्या. कीबोर्डवर गेम पूर्ण होतो, पण बाणाच्या प्रसंगांत बोटांची कसरत होते. जुन्या चाहत्यांची पहिली नाराजी इथेच होते आणि ती रास्त आहे. जुन्या गेममध्ये बघणं, उचलणं अशा कामांचे चार आयकॉन असायचे, तेव्हा चुकीच्या वस्तूवर चुकीचा आयकॉन वापरून मिळणाऱ्या तिरकस उत्तरांची वेगळीच मजा होती. ती इथे नाही.

ज्यांना मालिका नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉबर्टा विल्यम्स यांचा पहिला किंग्ज क्वेस्ट १९८४ साली सिएरा ऑन-लाइनने काढला. पहिल्या चार भागांत आज्ञा टाइप कराव्या लागत. १९९० च्या पाचव्या भागापासून माऊस आणि आयकॉन आले. १९९८ च्या आठव्या भागानंतर मालिका थांबली. २०११ मध्ये टेलटेल या गेम कंपनीने हक्क घेतले, पण गेम काही आला नाही. शेवटी ॲक्टिव्हिजनने सिएराचं नाव पुन्हा वापरात आणलं आणि द ऑड जंटलमेन या स्टुडिओने पाच भागांचा हा गेम केला. पहिला भाग जुलै २०१५ मध्ये आला, पाचवा ऑक्टोबर २०१६ मध्ये.

पहिल्या फेरीत हा गेम म्हणजे जुन्या नावावर काढलेली गोड परीकथा वाटतो. दुसऱ्या फेरीत लक्षात येतं की जुन्या मालिकेतली नेमकी एक गोष्ट उचलून यांनी तिचं रूप बदललं आहे. ती म्हणजे गुण. १९८४ च्या गेममध्ये पडद्याच्या वरच्या पट्टीत गुणसंख्या दिसायची, एकूण १५८ पैकी. विहिरीखालच्या ड्रॅगनला खंजीर फेकून मारता यायचं, पण बादलीतलं पाणी ओतून त्याची आग विझवली तर जास्त गुण. राक्षसाला गोफणीने लोळवता यायचं, पण तो झोपेपर्यंत दम धरला तर जास्त गुण. म्हणजे काम झालं की नाही यापेक्षा ते कसं केलं याला किंमत होती, आणि ती आकड्यात मोजली जायची. नव्या गेममध्ये आकडा नाही. त्याच्या जागी नात आहे.

म्हातारा राजा ग्रॅहम अंथरुणावर पडून या नातीला, ग्वेंडोलिनला, आपल्या तरुणपणीच्या गोष्टी सांगतो आणि आपण त्या गोष्टी खेळतो. धैर्य, शहाणपण आणि करुणा असे तीन मार्ग जवळपास प्रत्येक मोठ्या पेचाला आहेत. गेम उघडतो तोच १९८४ च्या त्या विहिरीत, जादूच्या आरशासाठी. ड्रॅगनला बाणाने जखमी करायचं, मोकळं सोडायचं की डोकं लढवून चकवायचं, हे आपण ठरवतो. पुढे ग्वेंडोलिनची गार्ट या भावंडाशी तलवारबाजी होते, तेव्हा आजोबांनी विहिरीत जे केलं त्याच वळणाने ती वागते. आजोबा बाण मारतात, मग नातही अंगावर धावून जाते. चांगलं केलंस किंवा वाईट केलंस असं कोणी म्हणत नाही, पण समोर बसलेली पोर तुमच्याकडून काय उचलते ते दिसतं. पट्टीतल्या आकड्यापेक्षा हे जास्त टोचतं.

आता याची मर्यादा. तीन फेऱ्या तीन वेगळ्या मार्गांनी खेळल्या तरी कथेचा सांगाडा हलत नाही. बदलतात ते संवाद, कोण कोणाशी कसं वागतं ते, गावातल्या लोकांचे सूर आणि काही कोड्यांची उत्तरं. दर वेळी नवा शेवट बघायच्या आशेने तीनदा खेळाल तर हिरमोड होईल. दुसरी फेरी जरूर खेळा. तिसरी फक्त पहिल्या भागापुरती पुरे.

कारण पहिला भागच खरा भरलेला आहे. पाच-सहा तास सहज जातात, बाकीचे भाग साधारण तीन-तीन तासांत उरकतात. सरदारपदाच्या स्पर्धेसाठी ग्रॅहम डॅव्हेन्ट्री या राज्यात येतो. पुलांवरच्या ट्रोलांचे रुसवेफुगवे आणि संप, मग भयंकर प्राण्याचा डोळा आणायची अट, मग ताकद, वेग आणि बुद्धी यांचे सामने. एकॉर्न हा धिप्पाड गडी, व्हिस्पर हा स्वतःच्या प्रेमात पडलेला धावपटू, आणि मॅनी हा बुटका, गोडबोल्या चतुर. मॅनीला वॉलेस शॉन यांचा आवाज आहे आणि त्याच्याबरोबरचा बुद्धीचा सामना या भागातला सगळ्यात देखणा प्रसंग. पण मनात राहतो तो अचाका हा आणखी एक स्पर्धक. त्याची भाषा ग्रॅहमला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही, सबटायटलही काही मदत करत नाहीत. तरी हातवारे आणि बाण यांच्या जोरावर दोघं मिळून ड्रॅगनला तोंड देतात. संवादावर उभ्या असलेल्या गेममध्ये सगळ्यात घट्ट मैत्री शब्दांविना होते, हे लिहिणाऱ्यांना छान जमलंय.

या भागाचा मधला टप्पा मोकळा आहे. जंगल, गाव, पूल सगळं उघडं, आणि चार-पाच कोडी एकाच वेळी डोक्यात. जुन्या मालिकेची चव इथे सगळ्यात जास्त लागते, आणि पायपीटही इथेच सगळ्यात जास्त. ग्रॅहमची चाल आरामशीर आहे. एक वस्तू विसरून पुलापलीकडे गेलात, तर तेच रस्ते पुन्हा तुडवायचे. यावर साधा उपाय असा, की गावातून निघण्यापूर्वी बेकरी, लोहारकाम आणि हॉबलपॉट दांपत्याचं औषधाचं दुकान अशा तिन्ही ठिकाणी प्रत्येकाशी संवाद संपेपर्यंत बोला. एकदा बोलून निघून येऊ नका. कोड्यांचे दुवे बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात असतात. थोरल्या ग्रॅहमचं निवेदनही नीट ऐका. ‘तेव्हा मला सुचायला हवं होतं की…’ अशा थाटाचं काही तो बोलला, तर समजा इशारा मिळाला.

मरणाबद्दल. सिएराचे गेम आणि मरण यांचं नातं जुनं. पायरी चुकली, मेलात. पाण्यात पडलात, मेलात. इथेही ग्रॅहम जळतो, कोसळतो, गिळला जातो, पण गोष्ट म्हातारा सांगतोय. तो गेला असता तर सांगायला उरला कसा? म्हणून प्रत्येक मरणानंतर त्याचा एखादा शाब्दिक विनोद येतो आणि खेळ क्षणभर मागे जाऊन सुरू होतो. म्हाताऱ्याचा आवाज क्रिस्टोफर लॉइड यांचा आहे, त्यामुळे भिकार विनोदही गोड लागतो. मुद्दाम मरून बघण्यासारख्या काही जागा आहेत.

मरणापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, अडकून बसणं संपलं. जुन्या मालिकेच्या पाचव्या गेममधलं (१९९०) उदाहरण जुन्या खेळाडूंना पाठ असेल. बेकरीबाहेर एक मांजर उंदराच्या मागे लागतं. काही सेकंदांत वाळवंटातून आणलेला जुना बूट त्या मांजराला फेकून मारावा लागतो. नाही मारला तरी काही होत नाही, गेम आनंदाने पुढे जातो. खूप नंतर सराईच्या तळघरात ग्रॅहमला दोरखंडाने बांधतात, आणि दोर कुरतडायला येणारा उंदीर तुम्ही कधीच मांजराच्या तोंडी दिलेला असतो. त्याच गेममध्ये भूक लागली म्हणून कस्टर्ड पाय (‘pie’, गोड सारण भरलेला पदार्थ) खाऊन टाकला तर पुढे हिममानवापुढे हात चोळत उभं राहायचं, कारण तो पदार्थ त्याच्या तोंडावर फेकायचा होता. नव्या गेममध्ये असं कुठे होत नाही. जे हवं ते मिळण्याची वाट उघडी राहते.

याची किंमत मात्र मोजावी लागली आहे. कोडी सौम्य झाली. पहिल्याच गेममध्ये बुटक्याचं नाव ओळखायचं कोडं होतं. चेटकिणीच्या घरात चिठ्ठी सापडायची, कधीकधी उलटा विचार करणं शहाणपणाचं असतं, अशा अर्थाची. नाव उलटं लिहिलं की चूक. अख्खी इंग्रजी वर्णमालाच उलटी लावायची, ‘ए’च्या जागी ‘झेड’, आणि मग रंपलस्टिल्टस्किनचं एकेक अक्षर बदलायचं. इतका दुष्टपणा आज कोणी मागत नाही, पण त्याच्या पाव हिस्सा तरी चालला असता. नव्या गेममध्ये वस्तू हातात आली की ती कुठे लागणार हे बहुतेक वेळा लगेच कळतं.

अपवाद दुसऱ्या भागाचा. नुकताच राजा झालेला ग्रॅहम आणि गावातले ओळखीचे लोक गॉब्लिनांच्या भुयारात कैद होतात. दिवसागणिक कैद्यांची प्रकृती ढासळते, अन्न आणि औषध अपुरं, आणि कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवायचं. पहिल्या फेरीत इथे जवळपास सगळेच फसतात, कारण पहिल्या भागाच्या सवयीने भेटेल त्याला लगेच मदत केली जाते. तसं करू नका. दिवस संपवण्याआधी भुयाराचा जेवढा भाग उघडा असेल तेवढा पुरता फिरून घ्या, कोणाची अवस्था सगळ्यात वाईट आहे ते बघा आणि मगच हातातलं द्या. ज्याच्याकडे दुर्लक्ष होईल तो कोसळतो, आणि तुमच्या हिशेबाचा दोष निवेदकावर ढकलता येत नाही. लहान, अंधारा, काहींना कंटाळवाणा वाटणारा हा भाग. पण निवड म्हणजे नुसती संवादांतली निवड नव्हे, हे दाखवणारा मालिकेतला एकमेव.

तिसऱ्या भागात मनोरा, चेटकीण आणि दोन राजकन्या: व्ही आणि नीस. दोन्ही नावं व्हॅलनीस या एकाच नावाचे तुकडे, त्यामुळे तुम्ही कोणाचीही निवड करा, १९८५ च्या दुसऱ्या गेममधली राणी व्हॅलनीसच राहते. हे जुळवून आणलेलं बघून जुना खेळाडू मनातल्या मनात टाळी देतो. कोडी सोपी, संवाद उत्तम.

चौथा भाग मात्र घसरला आहे. मुलगा अलेक्झांडर लहानपणी पळवला जातो आणि मोठा होऊन घरी परततो. १९८६ च्या तिसऱ्या गेमशी जोडलेलं हे सूत्र. बापाला न ओळखणारा मुलगा आणि मुलाला काय शिकवावं ते न कळणारा बाप, असा भारी विषय हातात होता. त्याऐवजी बर्फाच्या महालात एकामागून एक ठोकळे सरकवण्याच्या, फरशा जुळवण्याच्या छापाच्या खोल्या येतात. कोडी वाईट नाहीत, पण ती कोणत्याही गेममध्ये चालली असती. पाचव्या भागात म्हाताऱ्याची आठवण विरत जाते आणि गोष्टही त्याच्याबरोबर विरते. तो भाग सलग, एका बैठकीत खेळा. याहून जास्त सांगणं म्हणजे तुमची मजा घालवणं.

चित्रांबद्दल दोन शब्द. पृष्ठभाग हाताने कागदावर रंगवून, स्कॅन करून त्रिमितीय आकृत्यांवर चढवलेले आहेत, त्यामुळे भिंतींवर, झाडांच्या खोडांवर कुंचल्याचे फराटे दिसतात. दहा वर्षांपूर्वीच्या गेमचे चेहरे आज शिळे वाटतात, हा वाटत नाही.

वापरातल्या अडचणी. सेव्ह आपोआप होतो, हवं तिथे हाताने करता येत नाही. म्हणजे महत्त्वाच्या निवडीआधी प्रत ठेवून दोन्ही वाटा बघणं, ही साहसी गेमच्या खेळाडूंची जुनी खोड इथे मोडावी लागते. दुसरी वाट बघायची तर नवी फेरी. त्या फेरीत पाहिलेले लांब प्रसंग पुन्हा बघावे लागतात, आणि खरा त्रास तोच. भाग मात्र क्रमानेच खेळा. आधीच्या निवडींचे पडसाद पुढे येतात, मधूनच सुरू केलं तर अर्धे संवाद हवेत राहतात.

आधी जुने गेम खेळायलाच हवेत असं नाही. खेळायचेच असतील तर पहिला आणि सहावा खेळा. पहिला कारण विहीर, आरसा आणि ड्रॅगन तिथून आलेत. सहावा (१९९२) कारण लेखनात जेन जेन्सन यांचा सहभाग आहे आणि शेवटाकडे जाणाऱ्या लहान-मोठ्या दोन वाटा आजही शिकवण्यासारख्या आहेत. दोन्ही स्कमव्हीएमवर (जुने गेम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) नीट चालतात. सहाव्यात ‘तर्काचे कडे’ या कोड्यांच्या कड्यावर चढायला गेमबरोबरचं मॅन्युअल लागतं, ते जवळ ठेवा, आणि सेव्ह भरपूर, वेगवेगळ्या नावांनी करत जा.

विकत घेताना एवढं बघा. पहिला भाग नंतर मोफत केला गेला, तेव्हा आधी तोच खेळून बघा. तो आवडला नाही तर पुढचे आवडणार नाहीत. आवडला तर सुटे भाग गोळा करू नका, संपूर्ण संच घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये आलेला उपसंहार फक्त संचाबरोबर आहे. तो तासाभरात संपतो, पण त्यात सूत्रं ग्वेंडोलिनच्या हातात येतात.