घराच्या शटरची स्प्रिंग बदलून 11 महिने झाले : सोलापुरातील अनुभव

जुळे सोलापुरात 2018 साली आम्ही घर बांधले, तेव्हा समोरचा रस्ता अरुंद असल्यामुळे गेटच्या झडपा बाहेर उघडायला जागा नव्हती, म्हणून तळमजल्याच्या पार्किंगला दुकानाला असते तसे गुंडाळणारे शटर बसवले. ते 10 फूट रुंद, 8 फूट उंच, 18 गेज जाडीच्या लोखंडी पट्ट्यांचे आणि हाताने ओढायचे आहे. मे 2024 मध्ये त्याची एक स्प्रिंग तुटली. दुरुस्तीला एकूण 7,600 रुपये लागले आणि एप्रिल 2025 मध्ये हे लिहिताना त्या दुरुस्तीला 11 महिने पूर्ण झाले आहेत. ज्यांच्या घराला असे शटर आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण शटरने दोन महिने आधी दिलेला इशारा आम्हाला केवळ माहिती नसल्यामुळे कळला नाही.

शटर वर नेमके कोण उचलते, हे आधी समजून घ्यायला हवे. एवढ्या मापाच्या शटरचे वजन शंभर किलोच्या आसपास भरते आणि ते आपण हाताने उचलत नाही. वरच्या कव्हरच्या आत एक आडवा पाइप असतो, त्यावर कप्प्या असतात आणि प्रत्येक कप्पीत जुन्या घड्याळाच्या चावीच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी असते. तिचे एक टोक न फिरणाऱ्या पाइपला आणि दुसरे फिरणाऱ्या कप्पीला अडकवलेले असते. शटर खाली ओढले की स्प्रिंग आवळत जाते, आणि वर ढकलले की तोच साठलेला ताण वजन उचलतो. म्हणजे शटर बंद असते तेव्हा स्प्रिंगवर सर्वाधिक ताण असतो. आमची स्प्रिंग रात्री दोनच्या सुमारास, कोणी हातही लावलेला नसताना तुटली, त्याचे कारण हेच होते. आवाज असा झाला की शेजारच्या पत्र्यावर कोणी मोठा दगड टाकला असे वाटून आम्ही सगळे बाहेर आलो, आणि शटर जागच्या जागी दिसल्यावर पुन्हा झोपायला गेलो.

सकाळी 71 वर्षांच्या बाबांनी नेहमीप्रमाणे शटर उचलायला घेतले, तेव्हा डावी बाजू वर आली आणि उजवी मागे राहिली. त्यांनी जोर लावताच शटर तिरके होऊन तीन पट्ट्या चॅनेलच्या, म्हणजे शटर ज्यातून सरकते त्या बाजूच्या उभ्या खाचेच्या, कडेला वाकल्या. बाबांच्या कमरेला इजा झाली नाही, हे आमचे भाग्य. तीनपैकी एक स्प्रिंग गेली म्हणजे तीस-पस्तीस किलोचा भार एकाएकी माणसाच्या हातावर येतो आणि तोही एकाच बाजूने येतो, हे त्या वेळी आम्हाला ठाऊक असते तर आम्ही शटरला हात लावलाच नसता.

खरे तर मार्चपासूनच शटर जड लागत होते. छातीच्या उंचीवर सोडले की ते हळूहळू खाली यायचे आणि उजवीकडे किंचित अडखळायचे. बाबांना वाटले की वयामुळे हातातला जोर कमी झाला आहे, मला वाटले की चॅनेलमध्ये धूळ बसली आहे, म्हणून मी तेल सोडत राहिलो. पुढे दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींनी तुटलेली स्प्रिंग काढून माझ्या हातात दिली, तेव्हा तुटलेल्या जागी पट्टीचा अर्ध्याहून अधिक भाग गंजून काळपट तपकिरी झालेला होता आणि फक्त एका कडेला बोटभर जागा नव्या पोलादासारखी चकचकीत होती. ते म्हणाले, “मालक, ही काल तुटली न्हाई, लई दिवसांपासून तुटत आलती.” चकचकीत भाग त्या रात्रीचा होता, काळपट भाग त्याआधीच्या कित्येक दिवसांचा. ती स्प्रिंग मी अजून जपून ठेवली आहे.

मी नंतर हिशेब मांडून पाहिला. घरात एक मोटार आणि दोन दुचाकी, त्यामुळे शटर दिवसातून सरासरी 8 वेळा उघडते आणि बंद होते. सहा वर्षांत हा आकडा साडेसतरा हजारांच्या आसपास जातो. परदेशातील घरांच्या गॅरेजच्या दारांना वेगळ्या प्रकारची, पिळाची स्प्रिंग असते आणि साधारणपणे ती 10,000 वेळा उघडझाप होईल या अंदाजाने बनवतात. आपल्या शटरची रचना वेगळी असली तरी पोलाद पुन्हा पुन्हा वाकून थकते, हे दोन्हीकडे सारखेच आहे. दिवसातून दोनदा उघडणाऱ्या दुकानापेक्षा घराच्या पार्किंगचे शटर अधिक झिजते, ही गोष्ट घर बांधताना आम्हाला कोणीही सांगितली नव्हती.

दुरुस्तीसाठी तिघांना विचारले. एकाने संपूर्ण शटर बदलावे लागेल असे सांगून 24,000 रुपये सांगितले. दुसरा फक्त तुटलेली स्प्रिंग 1,500 रुपयांत बदलून द्यायला तयार होता. तिसऱ्या मिस्त्रींनी आधी शटरचे माप घेतले, पट्टीची जाडी पाहिली आणि मगच बोलले, म्हणून काम त्यांना दिले. त्यांचे म्हणणे असे की एवढ्या वजनाला सुरुवातीपासूनच तीन स्प्रिंग कमी होत्या आणि उरलेल्या दोन तितक्याच जुन्या असल्यामुळे वर्षभरात त्यांचीही तीच गत झाली असती. त्यांनी चार नव्या स्प्रिंग प्रत्येकी 850 रुपयांप्रमाणे 3,400 रुपयांना, चौथी कप्पी 450 रुपयांना, तीन पट्ट्या 1,050 रुपयांना, दोन बेअरिंग 500 रुपयांना बसवल्या, दोन माणसांची मजुरी 2,000 रुपये आणि ग्रीस, नटबोल्ट वगैरे 200 रुपये असा हिशेब कागदावर लिहून दिला. सर्व स्प्रिंग एकाच वेळी बदलण्याचा निर्णय मला आजही योग्य वाटतो, कारण वेगवेगळ्या वयाच्या स्प्रिंग एकाच पाइपवर असल्या की ताण सारखा राहत नाही आणि शटर पुन्हा तिरके चालू लागते.

काम सुरू असताना पाइपाला मोठा पाना लावून एक माणूस तो अंगाचा भार देऊन धरून ठेवत होता आणि दुसरा हळूहळू ताण उतरवत होता. तो पाना निसटला तर माणसाचा हात मोडू शकतो. पट्ट्या पुसणे, चॅनेल साफ करणे, नट आवळणे ही कामे घरी जरूर करावीत, परंतु पाइप आणि कप्पी यांना अनुभव नसलेल्या माणसाने हात लावू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पहिले तीन आठवडे पूर्ण समाधान नव्हते. ताण एक फेरा जास्त दिला गेल्यामुळे शटर शेवटच्या दोन फुटांत हातातून सुटून वर उसळायचे, खालची जाड पट्टी कव्हरवर आदळायची आणि खाली ओढताना बाबांना आकडी लावून लोंबकळावे लागायचे. मिस्त्रींना बोलावल्यावर त्यांनी एक फेरा कमी केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून शटर कमरेच्या उंचीवर सोडले तर तिथेच थांबते. ही तपासणी मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, खाली कोणी नाही हे पाहून आणि हात जवळ ठेवून करतो. शटर आपोआप खाली आले तर ताण कमी झाला आहे, वर गेले तर जास्त आहे, आणि एकच बाजू मागे राहिली तर त्या बाजूची स्प्रिंग तपासायला माणूस बोलवावा.

देखभालीत माझी सर्वांत मोठी चूक चॅनेलमध्ये ग्रीस भरण्याची होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर गेला की ग्रीस पातळ होऊन ओघळते, त्यावर धूळ बसते आणि त्याचा काळा लगदा होतो. आता चॅनेल रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडे ठेवतो आणि मशीन ऑइलचा अगदी पातळ हात देतो. ग्रीस फक्त बेअरिंगला आणि कप्प्यांना, तेही कव्हर उघडून वर्षातून दोनदा. मागच्या वेळी कव्हर उघडले तेव्हा आत पारव्याने घरटे केलेले निघाले. तिथली ओल थेट स्प्रिंगवर जात होती, म्हणून दोन्ही टोकांना जाळी बसवून घेतली.

मोटर बसवा, असा सल्ला अनेकांनी दिला. परंतु पाइपावर मधोमध बसणारी मोटर स्प्रिंगच्या आधारावरच चालते, आणि आमच्या शेजाऱ्यांकडे स्प्रिंग सैल झाल्याचे कोणाच्या लक्षातच आले नाही, कारण जडपणा हाताला जाणवण्याऐवजी मोटर तो सोसत राहिली आणि अखेर जळाली. कडेला बसणाऱ्या मोठ्या मोटरला स्प्रिंग लागत नाहीत, मात्र तिचा खर्च आमच्या दुरुस्तीच्या कित्येक पट आहे. बाबांच्या वयाचा विचार करता पुढे कधीतरी ती घ्यावी लागेल, पण आज शटर ते एका हाताने उघडतात.

सध्या एकच काम बाकी आहे. पार्किंग धुताना पाणी साचते त्या कोपऱ्यात उजव्या चॅनेलचे खालचे सहा इंच गंजून पातळ झाले आहेत. तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करण्यास मिस्त्रींनी 900 रुपये सांगितले आहेत आणि मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी ते काम करून घेणार आहे.