व्हिनाइलच्या कपाटावर रंग द्यावा, की पापुद्रा सोलून बोर्ड रंगवावा?

सांगली-मिरजेकडच्या फ्लॅटमधून दिसणाऱ्या तयार कपाटांपैकी आणि किचन ट्रॉल्यांपैकी बरीचशी भुशाच्या बोर्डाची, म्हणजे पार्टिकल बोर्डाची, किंवा लाकडाच्या बारीक तंतूंच्या बोर्डाची, म्हणजे एमडीएफची असतात आणि त्यांवर व्हिनाइलचा, म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. हा पापुद्रा पिवळा पडला की तीन वाटा दिसतात. त्याच्यावरच रंग देता येतो, तो सोलून खालचा बोर्ड रंगवता येतो किंवा सुताराकडून सनमायका चढवून घेता येतो.

यांपैकी कोणती वाट धरावी, हे कपाटाच्या कडा पाहून ठरवावे. सिंकखालच्या आणि शेगडीशेजारच्या शटरच्या, म्हणजे दाराच्या, खालच्या कोपऱ्यात नख घालून पाहावे. पापुद्रा जागचा हलत नसेल आणि पृष्ठभागावर कुठे फुगा नसेल, तर वरून रंग देणे हेच कमी कष्टाचे आणि कमी खर्चाचे काम आहे. कोपरा सुटत असेल तर मात्र वरून कितीही चांगला रंग दिला तरी तो पापुद्र्याबरोबरच निघून येणार, कारण रंगाची पकड पापुद्र्यावर असते आणि पापुद्र्याची बोर्डावर.

पापुद्र्यावर रंग देताना सर्वांत मोठी चूक होते ती नेहमीचा ऑइल पेंट वापरण्याची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. लवचिक पीव्हीसीमध्ये त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. ती हळूहळू वर झिरपतात आणि ऑइल पेंटचा थर नीट कडक होऊ देत नाहीत. माझ्या टीव्ही युनिटचा वरचा फळा दोन महिन्यांनीही चिकट होता आणि त्यावर ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद उचलताना अक्षरे रंगावर उलटी उमटली होती. म्हणून येथे पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंगच घ्यावा आणि त्याआधी गुळगुळीत पृष्ठभागावर पकड घेणारा प्रायमर द्यावा. त्याहीपूर्वी फोडणीच्या वाफेने बसलेला तेलकट थर भांड्यांच्या साबणाने काढून, कोरड्या पृष्ठभागावर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने, फक्त चमक जाईल इतकाच फिरवावा. सगळे कपाट रंगवण्याआधी एका शटरच्या आतल्या बाजूस रंग देऊन आठवडाभर थांबावे, मग ब्लेडने फुली मारून चिकटपट्टी दाबावी आणि झटक्यात ओढावी. पट्टीला रंग आला, तर पुढे जाऊ नये.

पापुद्रा सोलण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. हेअर ड्रायरची मंद ऊब देत तो कोपऱ्यापासून ओढावा लागतो. पीव्हीसी जास्त तापले की आम्लाचा घातक धूर सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात. एमडीएफवरून तो पुष्कळदा सलग निघतो, पण पार्टिकल बोर्डाचा भुसा त्याच्याबरोबर उचकटतो आणि ते खड्डे लांबी (पुट्टी) भरून घासावे लागतात, तेव्हा नाकातोंडाला मास्क हवाच. शिवाय रंगाचा नियम येथे उलटतो. उघडा बोर्ड पाणी शोषून फुगतो, त्यामुळे पहिला हात लाकडासाठीच्या तेलाच्या प्रायमरचाच द्यावा आणि कापलेल्या कडांना तो दोनदा द्यावा. एवढी मेहनत एमडीएफच्या शटरसाठी सार्थकी लागते. पार्टिकल बोर्डासाठी मी ती कुणाला सुचवणार नाही.

अशा पार्टिकल बोर्डाला, बोर्ड आतून घट्ट असेल तर, सनमायका बरा. तो महाग पडतो आणि सुतारावर अवलंबून राहावे लागते, परंतु गरम भांडी आणि रोजचे पुसणे तो रंगापेक्षा पुष्कळ चांगले सोसतो. सुटणारा जुना पापुद्रा मात्र आधी काढून घ्यायला सांगावे. कृष्णेच्या २०१९ किंवा २०२१च्या पुरात भिजून फुगलेल्या बोर्डासाठी यांपैकी कशावरही पैसे घालू नयेत, कारण त्यात स्क्रू पुन्हा धरत नाही. रेक्झिनच्या, म्हणजे व्हिनाइलचा थर दिलेल्या कापडाच्या, खुर्चीचे गणितही वेगळे आहे. बसताना दबणाऱ्या भागावर साधा रंग तडकतो, त्यामुळे कव्हर बदलणेच योग्य.

पावसाळी हवेत रंग लवकर सुकत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावे. हाताला कोरडा लागला तरी ॲक्रिलिक रंग पुरता कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर शटरवर ओले फडके फिरवू नये आणि शटर जिथे चौकटीला टेकते तिथे रबराचे छोटे बटण चिकटवावे, नाहीतर ताजा रंग चौकटीला धरतो आणि शटर उघडताना तिथूनच निघतो.